जुलैच्या पानावरचे पिस्तूल

दुबईतल्या त्या लहानशा दुकानात खिळ्यावरून काढलेला एक कागद माझ्या हातात आला, तो क्षण आठवला की आजही छाती धडधडते. पोलीस खात्यात तेहतीस वर्षे काढली, पण तेवढा आनंद मला कुठल्या बक्षिसाने दिला नाही.

निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. मी एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. गणपती आगमनाच्या दिवशी, भर दुपारी, ढोलताशांच्या गजरात बाजारातल्या एका फुलवालीच्या मांडीत गोळी घुसली. बाई वाचली, पण गोळी कुणी झाडली हे कुणालाच दिसले नव्हते. गोळी बत्तीस बोअरची निघाली. रिवाजाप्रमाणे आम्ही हद्दीतल्या सगळ्या परवानाधारकांना शस्त्रे तपासणीला आणायला सांगितले.

एकच पिस्तूल आले नाही. ते दुबईत नोकरी करणाऱ्या एका अभियंत्याचे होते. चुलतभावांशी जमिनीचा वाद आणि धमक्या, म्हणून त्याला परवाना मिळाला होता. परदेशी जाताना शस्त्र ठाण्यात जमा करायचे असते, ते त्याने केले नव्हते. गावच्या घरी त्याची म्हातारी आई एकटी राहत असे; तिची गाडी चालवायला एक ड्रायव्हर येई. तिच्या गाडीची झडती घेतली, तेव्हा स्टेपनीखाली पिस्तूल सापडले, कमरेला अडकवायच्या चामडी होल्स्टरसकट. तपासणीत गोळी त्याच पिस्तुलाची ठरली.

अभियंता गणपतीला दोन दिवस येऊन परत गेला होता. फोनवर तो म्हणाला, "साहेब, मे महिन्याच्या सुट्टीनंतर मी ते पाहिलंच नाही. कपाटाची चावी कुठे असते ते ड्रायव्हरला माहीत होतं. गाडीही त्याच्याच ताब्यात असते."

मी ड्रायव्हरला अटक केली. मोठ्या हुद्द्याचा, घडाघडा इंग्रजी बोलणारा माणूस खोटे कशाला बोलेल, असे मला वाटले. मी स्वतः शेतमजुराचा मुलगा, घराण्यातला पहिला पदवीधर, आणि तरीही मला तसे वाटले! हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवे.

ड्रायव्हरला जामीन मिळाला नाही. त्याची बायको ठाण्यात येऊन म्हणायची, "साहेब, त्यांना नुसता फटाका वाजवायला सांगून बघा. आमच्या घरी दिवाळीत फटाके मी वाजवते."

दीड महिन्याने ठाण्याचा फोन वाजला. पलीकडचा माणूस दबक्या आवाजात बोलत होता.

"साहेब, मी दुबईहून बोलतोय. आपल्याच तालुक्याचा आहे. चामड्याचं काम करतो. गावच्या ग्रुपवर पिस्तुलाचा फोटो बघितला. ते कव्हर मी शिवलंय."

"कधी?"

"गणपतीच्या आधी. ऑगस्टमध्ये."

मी खुर्चीतून उठलोच. जे पिस्तूल मालकाने मे महिन्यानंतर पाहिलेच नाही, त्याच्यासाठी ऑगस्टमध्ये दुबईत होल्स्टर कोण शिवून घेईल?

माझी मुलगी दुबईत, सिलिकॉन ओएसिसला राहते. तिच्याकडे जाण्यासाठी मी रजेचा अर्ज केला आणि कारणही लपवले नाही. वरिष्ठांनी परवानगी दिली, वर बजावले, "जा, पण तिथे तुम्ही पोलीस नाही. मुलीचे वडील आहात. कशालाही हात लावायचा नाही."

घरात पाऊल टाकताच नातीने विचारले, "आजोबा, व्हेअर इज युअर गन?"

"ठाण्यात जमा आहे, बाळा."

"देन हाउ विल यू कॅच हिम?"

प्रश्न अगदी रास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने मला इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत सोडले. एका इमारतीच्या तळमजल्यावर चपला, पट्टे आणि बॅगांच्या चेन दुरुस्त करायचे दुकान होते. फोन करणारा कारागीर तिथेच बसे. तो आधी घाबरलेला होता. मी म्हटले, "मी इथे कोणी नाही. चहा पाजलात तर पाहुणा." मग तो मोकळा झाला.

"तीन वेळा करून घेतलं साहेब. पहिलं जाड झालं, शर्टवर फुगवटा दिसतो म्हणाला. दुसरं गाडीत बसल्यावर टोचतं म्हणाला. तिसऱ्याला क्लिप जरा तिरकी लावली, तेव्हा कुठे म्हणाला, 'खलास, परफेक्ट!'"

"आत काय ठेवणार म्हणून सांगितलं?"

"ड्रिल मशीन." तो हसला. "साहेब, ड्रिल मशीन शर्टाखाली कोण लपवतं?"

"मग मापाला पिस्तूल कुठून आणलं?"

"हबीबी, इथे पिस्तूल आणेल कोण? खेळण्यातलं आणायचीसुद्धा भीती. कागदावर आकार काढून आणला होता त्याने. चार दिवस गावी जाऊन आला, तेव्हा. मला शेंगदाण्याची चटणीपण दिली, गाववाला म्हणून."

मी चहाचा पेला खाली ठेवला. "तो कागद?"

"नमुना आम्ही टाकत नाही. गिऱ्हाईक परत येतं." खिळ्याला कागदांची चळत टोचलेली होती. त्यातला एक त्याने ओढून काढला.

भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरचे ते पान होते. मागच्या बाजूला भरल्या वांग्याची कृती छापलेली, आणि तिच्यावर निळ्या पेनाने पिस्तुलाची रेघ काढलेली. ती पाहताच मी ओळखली. जप्तीच्या वेळी मीच ते पिस्तूल मोजले होते. अभियंत्याने छोटे, चपटे पिस्तूल निवडले होते, कारण मोठे पिस्तूल नुसत्या शर्टाखाली लपत नाही. मुठीच्या मूळ पट्ट्या काढून पातळ लाकडी पट्ट्या बसवल्या होत्या. कपड्यात अडकू नये म्हणून घोड्याचे मागचे टोक घासून आखूड केले होते. ते आखूड टोक कागदावर जसेच्या तसे उतरले होते.

आमच्या गावच्या शाळेतले भूगोलाचे गुरुजी सांगत, नकाशा हातात आला की आधी पालथा करून बघा आणि कडा वाचा. मी पान उलटले. जुलै महिना! चौकटींत म्हाताऱ्या हाताने पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी होत्या. "डोळ्याचे ऑपरेशन." "औषध, गाडीने." एकतीस तारखेच्या चौकटीत ड्रायव्हरचे नाव होते आणि पुढे लिहिले होते, "याने हात धरून जिना चढवला. पट्टी निघाली."

म्हणजे पान एकतीस जुलैनंतरच फाडलेले होते आणि पिस्तूल तेव्हा मालकाच्या हातात होते. मी त्या कारागिराला मिठीच मारली. पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घेतला. पान मात्र त्याच्याकडेच राहू दिले, कारण तिथे जप्ती करायचा मला अधिकार नव्हता.

अभियंत्याला फोन करून मुलीच्या इमारतीखालच्या कॅफेत बोलावले. तो दुपारी आला. सैल शर्ट, पँटबाहेर सोडलेला. दर दोन मिनिटांनी त्याचा उजवा हात कमरेकडे जाऊन परत येत होता. लपवून शस्त्र बाळगणाऱ्या माणसाला ही सवय लागते. ते जागेवर आहे ना, हे तो सारखे चाचपत असतो.

"इथे तर काही नाही ना कमरेला?" मी सहज विचारले.

त्याने हात झटकन टेबलावर ठेवला. "नाही, नाही सर. इथे कसं असेल!"

"मी तुमची चौकशी करू शकत नाही. फक्त एक फोटो दाखवतो."

फोनवर आधी त्याने पिस्तुलाची रेघ पाहिली आणि फोन माझ्याकडे परत सरकवला. मग मी दुसरी बाजू दाखवली. आईचे अक्षर त्याने लगेच ओळखले.

"आईला काय माहीत आहे?"

"एवढंच, की ज्याने तिचा हात धरला तो चोर निघाला."

तो रडू लागला. मग सगळे सांगितले. त्या दिवशी तो एकटाच गाडी घेऊन बाजारात गेला होता आणि ती थांबवून दार उघडे टाकून बसला होता. होल्स्टर टोचत होते, म्हणून पिस्तूल उपसून पट्टा सारखा करायला गेला आणि चापावर बोट पडले. ढोलांत आवाज विरला. घाबरून त्याने ते स्टेपनीखाली सरकवले आणि सकाळच्या विमानाने निघून आला. "केस झाली तर नोकरी, व्हिसा, मुलांची शाळा, सगळं खलास. मला वाटलं, ड्रायव्हरला वकील देऊ, सोडवू नंतर."

"यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा," मी म्हटले. "मी तुम्हाला नेऊ शकत नाही."

त्याने माझ्यासमोरच मोबाइलवर तिकीट काढले.

गावी येऊन त्याने जबाब दिला. पाठोपाठ कारागीर सुट्टी काढून आला आणि पंचांसमक्ष ते पान जमा झाले. ड्रायव्हरला सोडण्याचा अहवाल मी स्वतः न्यायालयात नेला.

या प्रकरणातला गुन्हेगार मी पकडला असे लोक म्हणतात. पण मुद्देमालाच्या यादीत मीच लिहिले होते, "चामडी होल्स्टर, एक, वापरलेले." ते कोरे होते. एकदा नाकाशी धरले असते, तर नव्या चामड्याचा वास आला असता आणि एक निरपराध माणूस दोन महिने आत राहिला नसता. माझे नाक शाबूत होते, पण फोनवरचे इंग्रजी ऐकून मी ते वापरले नाही. तेव्हापासून नव्या अंमलदारांना मी एकच सांगत आलो, जप्त केलेली वस्तू आधी हातात घ्या आणि मालकाचे म्हणणे नंतर ऐका.

तुरुंगाच्या दाराशी मी ड्रायव्हरची माफी मागितली. त्याने हात जोडले आणि विचारले, "साहेब, म्हातारीच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख होऊन गेली का?"

"नाही. पुढच्या मंगळवारी आहे."

"मग गाडी धुवायला लागेल," असे म्हणून तो बायकोमागून चालू लागला.