भावाच्या मापाची सायकल

भाऊ काविळीने गेला. दिवस झाल्यावर आईने त्याचे कपडे वाटून टाकले, सायकल तेवढी राहिली, कारण किन्हवलीपलीकडच्या पाड्यावर अंगणवाडीत कामाला जायला मला ती लागायची. तो ताडमाड उंच आणि मी दीडफुटी. त्याची सीट वर, तीही पुढे झुकलेली, आणि हँडल पार खाली. बसलं की अंगाचा सगळा भार तळव्यांवर यायचा. थोड्याच दिवसांत मनगटं ठणकायला लागली, करंगळ्यांना मुंग्या यायला लागल्या. शहापूरच्या डॉक्टरांनी मलम दिलं, त्याचा उपयोग शून्य. सीट खाली घेते म्हटलं, तर आईने अडवलं.

"हात लावू नको गो. त्याचं माप हाय ते."

मला राग आला. गेलेल्याचं माप जपायचं आणि जित्या पोरीचे हात मोडायचे, हा कुठला न्याय? पण सीटला हात लावला नाही, कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. तिन्हीसांजेला मी वळणावरून यायची ती हँडलवर ओणवून, हुबेहूब त्याच्यासारखी. ओट्यावर बसलेली आई उठून उभी राहायची. मी अंगणात पोचेपर्यंत तिला तोच दिसायचा. तिच्या त्या बघण्याची मला भीती वाटायची. आणि उतारावर हात बधिर झाले की स्वतःचीही, कारण हँडल धरलेले हात माझे वाटायचेच नाहीत.

मग एकदा भाकरी उलटताना करंगळी तव्याला टेकली आणि मला कळलंच नाही. आईनेच हात ओढून घेतला. फोड बघत ती बराच वेळ बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच पाना आणून माझ्यासमोर ठेवला.

मी बोल्ट सैल केले. हँडल वर घेतलं, सीट सपाट करून खाली दाबली. सीटची दांडी जुन्या जागी गंजली होती, तिला हातोडीने ठोकावं लागलं. एकेका ठोक्याला आई डोळे मिटत होती, पण थांब म्हणाली नाही.

त्या दिवशी पाठ ताठ ठेवून गेले नि आले. हात हलके होते. मला फार बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

वळणावरून दिसलं, आई ओट्यावर बसूनच होती. मी अंगणात सायकल लावली. ती माझ्यामागच्या रस्त्याकडे बघत होती.

"आज एकटीच आलीस?" तिने विचारलं.