रांगेबाहेरची चौकट

भुताखेतांच्या गोष्टींना हसणाऱ्यांतला मी. थेरगावात राहतो, कंपन्यांच्या वेबसाइट बनवतो. स्क्रीनवर काही हललं तर ते कोडमुळेच, एवढीच माझी श्रद्धा. पण त्या बुधवारी जे घडलं... सांगतोच.

चाकणच्या एका कंपनीसाठी मी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदींचं अ‍ॅडमिन पॅनल केलं होतं. हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसच्या जुन्या रजिस्टरमधल्या नोंदीही मीच त्यात भरल्या. एचआरच्या शिंदे मॅडमचा फोन आला, "सर, एका फॉर्ममधली चौकट उजवीकडे सरकलीये. बघून जा ना." दुपारी दोनला पोचलो. फॉर्म होता प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यातल्या, जाधवचा. बाकी सगळ्या चौकटी एका रेषेत, फक्त 'औषधाची अ‍ॅलर्जी – नाही' ही दोन बोटं बाहेर.

आता गंमत बघा – सगळ्यांच्या फॉर्मचा साचा एकच. हलली तर सगळ्यांची हलायला हवी! मी मार्जिन नीट केलं, सेव्ह केलं. चौकट जागेवर आली... आणि माझ्या डोळ्यांदेखत परत बाहेर गेली. तीनदा! मॅडमचा कॉम्प्युटर, माझा लॅपटॉप, दोन्हीकडे तेच. जाम वैतागलो.

स्टोअरचे गायकवाड मामा सही घ्यायला आले होते. स्क्रीन बघून थबकले. "आरं, ही तर अण्णांची रीत हाय!"

"कोण अण्णा?"

"टाइम ऑफिसचे. गेल्या साली वारले. नोंदीची खात्री न्हाई झाली की ती दोन बोटं बाहेर लिवायचे. इचारून पक्की झाली की मगच रांगेत."

मला रजिस्टर भरताना पाहिलेल्या नोंदी आठवल्या. त्यातल्या बाहेर गेलेल्या नोंदी म्हणजे मला निव्वळ गबाळेपणा वाटला होता. मी सगळ्या सरळ करून टाकल्या होत्या.

"मॅडम, जाधव कुठंय?"

"फर्स्ट एडमध्ये. हाताला पत्रा लागलाय..." बोलता बोलता त्यांनीच फोन उचलला. "सिस्टर, जाधवना इंजेक्शन दिलं? नाही ना? थांबा, देऊ नका!"

मी आणि मॅडम धावतच गेलो. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार होतं. जाधवने परभणीला आईला फोन लावला. सिस्टरने औषधाचं नाव सांगितलं, तशी ती माऊली ओरडलीच, "नका देऊ बाई! ह्येच नाव डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलंय. लहानपणी ह्याच सुईनं लेकरू निळं पडलं होतं!"

मॅडमनी परत येऊन 'नाही'चं 'आहे' केलं आणि सेव्ह दाबलं. चौकट अलगद रांगेत आली. तिथेच राहिली. कोडला मी हातही लावला नव्हता.

नंतर रजिस्टर उघडलं. अण्णांनी बाहेर लिहिलेल्या नोंदी अकरा होत्या. त्या अण्णांना मी कधी पाहिलंही नव्हतं, पण हात आपोआप जोडले गेले. उरलेल्या दहा जणांना मी स्वतः जाऊन विचारलं, सगळं बरोबर निघालं. चुकीची नोंद ती एकच, आणि स्क्रीनवर हलली तीही तीच... नेमकी त्या दुपारी. कोड मी कितीदा तरी तपासला. काही सापडलं नाही.