शिश्काची दोन पाखरं

आमच्या कोशित्से शहरात जागतिक आइस हॉकी स्पर्धेचे सामने होणार म्हटल्यावर आमची अख्खी गल्ली वेडी झाली होती. बेकरीवाल्याने दारावर झेंडा टांगला. न्हाव्याने कात्री टाकून दोन दिवस तिकिटांच्या रांगेत काढले. गल्लीतली शिंपीण एटेला, तिचा नवरा गेझा एरवी खुर्चीतून उठायला तास लावतो, पण तोही रोज सकाळी स्टेडियमपर्यंत चालत जाऊन कोणता संघ आला ते बघून यायचा. एटेला तेवढी तळघरातल्या आपल्या दुकानात पडद्यांना दुमड घालत बसलेली, तोंड पाडून.

"अगं, सोळा देश खेळायला येतायत," गेझा म्हणाला. "जरा हसलीस तर टाके उसवतील का तुझे?"

"येऊ देत. पाय पुसून या म्हणावं," एटेला म्हणाली, आणि परत मशीनवर वाकली.

खरी गोष्ट गेझालाही ठाऊक होती आणि आम्हालाही. शिलाई मशीनच्या खाली, तेलाच्या कुपीजवळ, तिने वर्तमानपत्रातलं एक कात्रण घडी करून ठेवलं होतं. जर्मनीच्या संघाची यादी. त्यात सतरा नंबरला टिल सिस्का, बचावपटू, आणि खाली बारीक अक्षरात, 'वडील मूळचे कोशित्सेचे.' हे तीन शब्द तिने इतक्यांदा बोटाखालून घातले होते की शाई पुसत आली होती.

ते वडील म्हणजे एटेलाचा धाकटा भाऊ वेन्दो. अडतीस वर्षं तिने त्याला पाहिलं नव्हतं, आणि कारण ती स्वतःच होती.

आधी आडनावाचं सांगतो, कारण सगळं तिथूनच आहे. ते सिस्का नाही, शिश्का. आमच्या लिपीत 'स'च्या डोक्यावर एक इवलंसं चिन्ह बसवलं की त्याचा 'श' होतो. लहान मुलं चित्रात लांबचं पाखरू काढतात, तसं दिसतं ते. या नावात अशी दोन पाखरं आहेत. आणि शिश्का म्हणजे काय, तर जर्दाळूचा मुरंबा घालून तळलेला गोड पाव, उपासाच्या आधीच्या सणात घरोघरी परातभर होतो तो. मग शाळेत काय होणार. "ए शिश्का, तेल तापलंय, उडी मार," असं पोरं वेन्दोला चिडवायची आणि तो त्यांना बदडून यायचा. मारामारीत नाहीतर बर्फावर, कुठेतरी त्याचा सदरा फाटायचाच. घरी आला की तो गोळा करून बहिणीच्या मशीनवर फेकायचा.

"एटा, उसवलं. शिवून दे."

"कधी हवंय?"

"आत्ता."

एवढंच बोलणं. कृपया नाही, आभार नाही. एटेला त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, डावखुरी, आणि तिचा टाका डावीकडे कलता पडायचा. शिवणाच्या बाईंनी हातावर पट्ट्या मारून पाहिल्या, टाका काही सरळ झाला नाही.

एक्याऐंशी साली वेन्दोची अठरा वर्षांखालच्या संघात निवड झाली आणि त्यांचा दौरा निघाला पश्चिम जर्मनीला. राजधानीतून पांढऱ्या जर्सी आल्या, पाठीवर नावं शिवलेली. वेन्दोच्या पाठीवर सिस्का. दोन्ही पाखरं गायब.

"बरं झालं," तो म्हणाला. "परदेशात तरी मला कुणी तळणार नाही."

एटेला भडकली. नावाला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून तिने लाल धागा ओवला आणि जर्सीच्या खालच्या दुमडीत, आतल्या बाजूने, कुणाला दिसणार नाहीत अशी दोन पाखरं काढली. "बाहेर काय लिहायचं ते लिहू देत. आत तू शिश्काच आहेस, लक्षात ठेव."

"एटा, तू ना डोक्यावर पडलीयेस," वेन्दो म्हणाला. तीच जर्सी घालून गेला आणि परत आला नाही. तिसऱ्या सामन्यानंतर हॉटेलच्या मागच्या दाराने निघाला, तो तिकडेच राहिला.

मग इथल्या कम्युनिस्ट राजवटीत पळून गेलेल्याच्या घरच्यांचं जे व्हायचं ते झालं. वडील कारखान्यात फोरमन होते, त्यांच्या हातात झाडू आला. एटेलाला कपड्यांच्या आरेखनाच्या शाळेत जागा मिळाली होती, ती गेली. साध्या वेशातली माणसं येऊन स्वयंपाकघरात बसायची आणि वेन्दोबद्दल तेच तेच विचारायची. वडील बोलेनासे झाले. वेन्दोची पत्रं यायची, फोडून परत चिकटवलेली, आणि प्रत्येक पत्रानंतर ती माणसं पुन्हा हजर. तिसऱ्या पत्राला एटेलाने उत्तर लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, धाक घातला नव्हता. स्वतःच्या डाव्या हाताने लिहिलं, 'पुन्हा लिहू नकोस. तू मेलास असं आम्ही धरलंय, आमच्याबद्दल तूही तसंच धर.'

जन्मात कुणाचं न ऐकणाऱ्या माणसाने हे मात्र ऐकलं. त्यानंतर एक ओळ आली नाही.

पुढे राजवट कोसळली, सीमा उघडल्या. एटेलाने जुन्या पत्त्यावर लिहिलं, ते पाकीट 'इथे राहत नाही'चा शिक्का घेऊन परत आलं. नंतर काही वर्षं ती आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांची देखभाल करायला जायची, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे. जर्मन तिथेच शिकली. तिथल्या टपाल कार्यालयात टेलिफोनच्या जाड वह्या असायच्या, त्यात ती सिस्का शोधत बसायची. जर्मनीतला माणूस ऑस्ट्रियाच्या वहीत कसा सापडणार, तिलाही कळत होतं. तरी शोधायची. अलीकडे वेन्दोचा पोरगा मोठा खेळाडू झाला, त्याच्या क्लबचा पत्ता आणि फोन गेझाने तिला मोबाइलवर काढून दाखवला.

"लाव की फोन," तो म्हणाला.

"आणि काय सांगू?" एटेला म्हणाली. "की तू मेलास असं मी लिहिलं होतं, ते जरा खोडून टाक?"

आता मात्र पोरगा तिच्याच गावात येणार होता. इथल्या क्लबची शिलाई तीस वर्षं तीच करते, त्यामुळे स्पर्धेत कुणाचं काही फाटलं की ते तिच्याकडेच येणार होतं. तिने वेन्दोला पत्र लिहायला घेतलं. अकरा वेळा लिहिलं, दहा वेळा फाडलं. अकरावं पाकिटात घालून बटणांच्या खणात ठेवलं. जर्मनीचं कुणी आलं तर द्यायचं, नाही आलं तर देवाची मर्जी. स्पर्धा सुरू झाली तशी ती दुकान सोडून जेवायलाही घरी येईना. गेझा डबा आणून द्यायचा, आणि कोबीचं सूप गार होऊन जायचं.

आमच्या संघाची गाठ जर्मनीशी होती त्याच्या आदल्या दिवशी सकाळी एक आडदांड माणूस पायऱ्या उतरून आला. डीटलेफ नाव, जर्मनीच्या संघाचं सामान सांभाळायचा. त्याने पिशवीतून जर्सी काढून टेबलावर पसरली. पाठीवर सतरा, वर सिस्का. सरावात कुणाच्या तरी स्केटचं पातं लागून खालची कड वीतभर फाटली होती.

एटेलाने चष्मा लावला, काढला, परत लावला.

"दुसरी जर्सी नाही का तुमच्याकडे?" तिने जर्मनमध्ये विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून.

"तीन आहेत, बाई. पण हा गडी हटून बसलाय, हीच पाहिजे म्हणतो. खेळाडूंची लहर. उद्या दुपारी सामना आहे, आज मिळेल?"

"मिळेल." मग तिचा धीर जरा वाढला. "हे नाव चुकलंय. 'स'वर चिन्ह हवं. दोन्ही 'स'वर. मी लावून देऊ का?"

"नावाला हात नाही लावायचा," डीटलेफ म्हणाला. "यादीत आहे तसंच पाठीवर, नाहीतर पंच मला धरतील. तुम्ही फक्त ते खालचं बघा."

तिने बटणांचा खण अर्धा उघडला. पाकिटाचा कोपरा दिसला. मग फाटलेली कड उलटी केली, धागे कुठून सुटलेत ते बघायला, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

दुमडीच्या आतल्या बाजूला लाल धाग्याचं एक पाखरू होतं. वेडंवाकडं, एक पंख लांब, एक आखूड, गाठीचा तर नुसता गुंता. त्याच्या शेजारी आणखी एक असणार, पण पातं नेमकं तिथूनच गेलं होतं. लाल धाग्याची दोन टोकं लोंबत होती, बस्स.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"त्याचा बाप शिवतो," डीटलेफ म्हणाला. "दर वेळी नवी जर्सी घरी नेतो हा, आणि म्हातारा त्यात हे असलं काहीतरी शिवून देतो. पोरगा पहिल्यांदा बर्फावर उतरला तेव्हापासून. सुई धड धरता येत नाही त्याला, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. म्हणून तर ही हवीय."

"तो आलाय का इथे? बाप?"

"नाही हो. इतर सगळ्या स्पर्धांना येतो, ओरडून ओरडून डोकं उठवतो. इथलं तिकीट काढलं होतं म्हणे, मग रद्द केलं. म्हणाला, तिथे माझं कुणी नाही."

एटेला खुर्चीवर बसली. डीटलेफने घड्याळ पाहिलं आणि चारला येतो म्हणून गेला. गेझा डबा घेऊन आला तर बाईसाहेब जर्सी तोंडाशी धरून रडतायत. त्याने डबा ठेवला आणि दाराला 'बंद' पाटी लावून बाहेर पायरीवर बसून राहिला. नवरा म्हणून गेझाला शंभरात साठ गुण देईन मी, पण त्या दिवसाचे पुरते शंभर.

पत्र तिने दिलं नाही. त्यात चार पानं कारणं होती, वडील, झाडू, शाळा, ती माणसं. वाचून पाहिलं तर सगळं खरं होतं आणि तिला कशाचाच उपयोग वाटेना. तिने कड शिवली. मग लाल धागा ओवला आणि वेन्दोच्या पाखराशेजारी, जिथून ते दुसरं फाटून गेलं होतं तिथे, आपल्या डाव्या हाताने एक पाखरू काढलं. डावीकडे कलतं. हे बघितल्यावर ते कुणाचं आहे, एवढं जगात एकाच माणसाला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशीचा सामना आम्ही सगळ्यांनी बेकरीत बसून पाहिला. एटेलाही आली. आपल्या पोरांनी गोल केला की सगळे उठायचे, तीही उठायची, पण डोळे सतरा नंबरवर. एकदा आपल्या एका दांडग्या गड्याने टिलला कडेच्या फळीवर असा आपटला की बेकरी टाळ्यांनी दणाणली.

"हळू रे मेल्या," एटेला म्हणाली.

"कोणाच्या बाजूने आहेस तू?" न्हाव्याने तिला विचारलं.

"शिवणाच्या," ती म्हणाली. "कालच शिवलंय ते."

सामना आपण हरलो. गल्ली तीन दिवस सुतकात. साखळी सामने संपले, संघ पांगले, झेंडे उतरले. एटेला वाट पाहायला लागली. हिशोब मनात मांडायची, पोरगा घरी गेला असेल, जर्सी धुवायला टाकली असेल, म्हाताऱ्याने पाहिली असेल. जून गेला. टपालवाल्या बाईची सायकल वाजली की मशीन थांबायची. मग तिला वाटायला लागलं की त्याने पाहिलंच नसेल. किंवा पाहिलं असेल आणि कड परत खाली दुमडून ठेवली असेल. "तसं असेल तर तेही बरोबरच आहे त्याचं," ती गेझाला म्हणाली. "मी तरी काय दिलं होतं त्याला?"

जुलैच्या मध्यावर पुडकं आलं. आत एक्याऐंशीची पांढरी जर्सी होती, पिवळी पडलेली, बगलेत विरलेली. पाठीवर सिस्का. एटेलाने कड उलटली. तिचीच दोन पाखरं, लालची फिकट गुलाबी झालेली. आणि त्यांच्या शेजारी शिवण वीतभर उघडी. फाटलेलं कुठलं आणि कात्रीने मुद्दाम उसवलेलं कुठलं, हे शिंपिणीला सांगावं लागत नाही. टाचणीने एक चिठ्ठी लावली होती. आपल्याच भाषेत, थरथरत्या अक्षरात, जिथे जिथे पाखरू हवं तिथे तिथे नीट बसवलेलं.

'एटा, उसवलं. शिवून दे. न्यायला मी येतो.'

"काय म्हणतो?" गेझाने विचारलं.

"काम आहे," एटेला म्हणाली. नाक पुसलं, दुकानाची पावती काढली आणि गिऱ्हाइकाच्या रकान्यात भावाचं पूर्ण नाव, वेन्देलीन शिश्का, दोन्ही पाखरांसकट लिहिलं. 'कधी हवंय' हा रकाना कोरा सोडला.

ती जर्सी आता दाराजवळच्या खुंटीवर आहे. दहा मिनिटांचं काम, अजून केलेलं नाही. लाल धाग्याची रिळं तिने बाहेर काढून ठेवलीयत आणि पायऱ्यांवर पाऊल वाजलं की ती वर बघते. तो दारात उभा राहून "आत्ता" म्हणेल, मगच ती सुई ओवणार आहे.