एमरी होर्न्याकने लिहिलेली ओळ

त्या वर्षी आमच्या बास्केटबॉल संघाने ब्याऐंशी सामन्यांपैकी सोळा जिंकले. आमच्या टोलेडो शहरात कोणी फार हळहळलं नाही, कारण हरायचंच ठरलेलं होतं. नवा जनरल मॅनेजर ग्रेडी ल्यूकेन्स छत्तीस वर्षांचा. डागडुजी पुरे झाली, आता पाया उखडून नव्याने बांधायचं, असं त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. फेब्रुवारीत त्याने आमचे दोन बरे खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले. आमच्या खेळात जो जास्त हरतो त्याला जूनच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू आधी निवडायला मिळतात. तेव्हा आम्ही मन लावून हरलो.

मी संघाच्या फिल्मच्या खोलीत होते. सामन्यांच्या चित्रफितींतून हवे ते तुकडे कापून द्यायचे, हे माझं काम. एमरी होर्न्याक आमचा स्काउट. गावोगावच्या कॉलेजांत फिरून खेळाडू हेरायचे आणि त्यांच्याबद्दल लिहून पाठवायचं. सत्तावीस वर्षं त्याने तेच केलं. वय एकसष्ट, एक गुडघा वाकत नसे, डब्यात बायकोने दिलेलं सॉसेज आणि राय ब्रेड, दुसरं काही नाही. नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीत त्याचा जन्म, आणि तिथेच तो अजून राहत होता. बोलायला अगदी कंजूष. त्याचे रिपोर्टही तसेच. बाकीचे स्काउट पानंच्या पानं लिहीत; एमरी सात-आठ ओळींत माणूस उभा करायचा.

एकदा मी त्याला विचारलं, "इतकं थोडं लिहून भागतं कसं?"

"पाहिलं तेवढं लिहितो," तो म्हणाला. "न पाहिलेलं लिहिणारे बरेच आहेत."

त्याच्या पाहण्यात तीन वर्षांपासून एक मुलगा होता. ऑरिन टॅली. ओहायो नदीकाठच्या आयर्नटनचा, शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या एका लहानशा कॉलेजात खेळणारा. तिथे दुसरे स्काउट फिरकत नसत. एमरी मात्र साडेचार तास गाडी हाकत जायचा. ऑरिनच्या आईशी, व्हर्नीसशी, त्याची चांगली ओळख झाली होती. ती शाळेची बस चालवायची. नवरा आल्टन सदतिसाव्या वर्षी झोपेतच गेला होता; ऑरिन तेव्हा नऊ वर्षांचा. एमरी आला की ती शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव समोर ठेवी, आणि तो दोनदा वाढून घेई. परतल्यावर मला सांगायचा की असा मुलगा त्याला उभ्या नोकरीत दोनदाच दिसला. चेंडू हातात नसताना जो खेळतो तो खरा, आणि हा सारा वेळ खेळतो.

आमच्याकडे त्या वर्षी पहिल्या फेरीतली, सोडतीत आलेली पाचवी निवड होती आणि दुसऱ्या फेरीतली अगदी पहिली, म्हणजे एकतिसावी. पाचवीला ग्रेडीच्या मनात कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकतिसावीला ऑरिनला घ्यायचं, असं एमरीने आडून आडून पटवत आणलं होतं. ग्रेडीचे आकडेवाले लोकही राजी होते.

मार्चच्या सुरुवातीला एमरी माझ्या खोलीत आला, दार लावलं आणि म्हणाला, "टॅलीचे यंदाचे सगळे सामने काढ. तो बुटाची लेस बांधायला बसतो तेवढे तुकडे मला हवेत."

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो खुर्ची ओढून बसला. चौदा सामन्यांत नऊ तुकडे सापडले. प्रत्येक वेळी सलग तीन-चारदा कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावल्यानंतर खेळ थांबला की ऑरिन खाली बसे, मान खाली घाली, लेसशी हात नेई. मी चित्र मोठं करून थांबवलं. नऊपैकी आठ वेळा लेस घट्ट बांधलेली होती. एका तुकड्यात त्याचा हात बुटाकडे गेलाच नव्हता. मूठ छातीवर दाबून धरली होती, आणि ओठ राखाडी दिसत होते.

मग मी म्हटलं, "त्याचा बाप कशाने गेला म्हणालास?"

एमरी उठला. टोपी उचलली आणि गेला.

देशभरातून निवडक साठेक खेळाडूंना आमची लीग ड्राफ्टआधी बोलावते आणि त्यांची हृदयापर्यंत तपासणी होते. ऑरिनला ते बोलावणं नव्हतं. लहान कॉलेज, कोण विचारतो. म्हणजे ड्राफ्टपर्यंत त्याची छाती कोणी तपासणार नव्हतं, कोणी तपासा म्हटल्याशिवाय. एमरी ते म्हणण्याआधी आयर्नटनला गेला. तिथे काय झालं ते त्याने मला नंतर गाडीत बसून सांगितलं, समोरच्या काचेकडे बघत.

घरामागच्या अंगणात त्याने ऑरिनला सरळ विचारलं. ऑरिन आधी हसला, म्हणाला बूट स्वस्तातले आहेत. मग हसू थांबलं.

"आईला बोललात?"

"नाही."

"मिस्टर होर्न्याक, जून महिना जाऊ द्या. माझं नाव एकदा पुकारलं गेलं की मग काय तपासायचं ते तपासा. तेवढंच मागतो."

"आणि त्याआधी काही झालं तर?"

"वर्षभर होतंय. झालं का काही?" मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुमच्याखेरीज कोणाला दिसलेलं नाही. तुम्ही गप्प बसलात तर कोणाला कळणारही नाही. तीन वर्षं माझ्या घरी जेवलात तुम्ही."

एमरीने त्याला स्वतःहून डॉक्टरकडे जायला विनवलं. ऑरिन नाही म्हणाला. घरात व्हर्नीस ताटं मांडत होती. एमरी जेवायला न थांबता निघाला.

चार दिवस त्याने रिपोर्ट अडवून धरला. त्या चार दिवसांत तो रोज माझ्या खोलीत यायचा, पाच मिनिटं बसायचा आणि उठून जायचा. मी त्याला काही सुचवलं नाही. खरं सांगायचं तर तो त्याबद्दल काही न लिहिताच रिपोर्ट पाठवेल अशी मला आशा होती, कारण मग ते नऊ तुकडे पुसून टाकून मला झोप लागली असती. पाचव्या दिवशी रिपोर्ट गेला. ऑरिनच्या खेळाची तोंड भरून स्तुती, आणि सगळ्यात खाली एक ओळ: धावल्यावर बसतो, लेस सुटलेली नसते, हृदय तपासून घ्यावं.

मे महिन्यात संघाने ऑरिनला सरावाला बोलावलं आणि त्याच भेटीत तपासणी झाली. हृदयाची एक भिंत जाड झालेली निघाली. डॉक्टरांनी सांगितलं की बापाचंही बहुधा हेच असणार. या मुलाने यापुढे स्पर्धेत खेळू नये. त्याने सही केलेल्या कागदानुसार निकाल लीगच्या डॉक्टरांकडे गेला आणि त्यांनीही परवानगी नाकारली. त्या दिवशी मी ऑरिनला इमारतीच्या बाहेर पडताना पाहिलं. पाहुण्यांना देतात ती आमच्या संघाची पिशवी त्याने दारातल्या बाकावर ठेवली आणि तशीच सोडून गेला. एमरी वरच्या खिडकीत उभा होता. खाली जावं असं त्याला वाटलं असेल, पण तो गेला नाही.

ड्राफ्टच्या संध्याकाळी आम्ही सगळे मोठ्या खोलीत. पाचवीला ठरलेला उंच मुलगा मिळाला, टाळ्या झाल्या. एकतिसावी आली तेव्हा फळ्यावर ऑरिनच्या नावाची पट्टी अजून होती. काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ग्रेडीने ती स्वतः काढली, टेबलावर पालथी ठेवली आणि दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगितलं. एमरीने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

पुढचे आठवडे नुसती झाडलोट चालली. नव्यांना जागा हवी म्हणून जुने निघाले. डेल ऑक्सेंडाइन सात वर्षं आमच्याकडे होता, तेहतिशीचा, त्यालाही एमरीनेच शोधलेलं. त्याला मुक्त केल्याचा फोन आला तेव्हा तो बायकोबरोबर किराणा घेत होता. पुढल्या आठवड्यात तो माझ्या खोलीत येऊन आपल्या पहिल्या सामन्याची चित्रफीत मागून घेऊन गेला. जुलैत स्काउटांची पाळी आली. आता निम्मं काम आकडे करणार होते. ग्रेडी वाईट माणूस नव्हता. त्याने एमरीला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि खरं ते सांगितलं. एमरीने मला त्यातलं एकच वाक्य सांगितलं: "यंदाचं सगळ्यात मोलाचं काम तुम्हीच केलंत, एमरी, एक चुकीची निवड वाचवलीत."

"तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"थँक यू म्हणालो. आणखी काय म्हणणार?"

एमरीचं सामान एका खोक्यात मावलं.

सप्टेंबरच्या शेवटी त्याला व्हर्नीसचा फोन आला. ऑरिनने समुद्रापलीकडच्या एका देशातल्या लहान क्लबशी करार केला होता. तिथे छातीला कोणी नळी लावत नाही असं त्याला एका दलालाने सांगितलं होतं. तो गेलासुद्धा होता. आईचं त्याने ऐकलं नव्हतं. ती एमरीला म्हणाली, "डॉक्टर म्हणतात तुम्ही त्याचा जीव वाचवला. मी देवाचे आभार मानते. तुमचे मानवत नाहीत, खोटं कशाला बोलू. पण आता पुन्हा एकदा लिहा. माझं पत्र ते घेणार नाहीत, तुमचं घेतील."

"लिहीन," एमरी म्हणाला.

"त्याला कळलं की मी सांगितलं, तर तो मला सोडून जाईल. त्याच्याशिवाय मला कोणी नाही."

"कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी एमरी स्टेडियमच्या मागच्या दाराशी माझी वाट पाहत उभा होता. आत यायचा पास त्याच्याकडून काढून घेतला होता. त्याला ते नऊ तुकडे हवे होते. मी दिले. व्हर्नीसने पाठवलेले डॉक्टरांचे कागद, ते तुकडे आणि स्वतःचं पत्र त्याने त्या क्लबला पाठवलं. उत्तर आलं नाही तेव्हा पुन्हा पाठवलं, मग त्यांच्या देशाच्या महासंघाला. ऑक्टोबरच्या मध्यात क्लबने ऑरिनला परतीचं तिकीट दिलं.

ऑरिनने एमरीला फोन केला. एमरी आणि त्याची बायको डार्लीन जेवत होते, मीही त्या रविवारी तिथे होते. फोनमधला आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता.

"पुन्हा तुम्हीच?"

"मीच."

"कोणी सांगितलं तुम्हाला मी कुठे आहे ते?"

"कोणी नाही. माझं कामच ते, माणसं शोधायची. बातमी आली कानावर, मी लिहिलं."

"आईला माहीत होतं?"

"तुझ्या आईचं नि माझं एप्रिलपासून बोलणं नाही," एमरी म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याला खोटं बोलताना ऐकलं ते एवढंच, आणि इतकं सफाईने बोलला की डार्लीनने मान वर केली.

ऑरिन पुढे जे बोलला ते मी लिहीत नाही. एमरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फोन समोरूनच बंद झाला. मग तो ताटावर बसला, पण जेवला नाही. डार्लीन म्हणाली, "खरं का नाही सांगितलंस?"

"त्याला कोणाचा तरी राग करायलाच हवा ना," तो म्हणाला. "माझा करू दे. मला त्याच्या घरात राहायचं नाही."

ऑरिनच्या छातीत हिवाळ्यात, ठोके बिघडले की झटका देऊन हृदय सावरणारं यंत्र बसवलं. वाहनांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात तो काउंटरवर लागला. लग्न झालं, मुलगी झाली. हे मला व्हर्नीसकडून कळत गेलं. एमरी कधी विचारायचा नाही, पण मी सांगायला लागले की टीव्हीचा आवाज बंद करायचा. ऑरिन आजही बास्केटबॉल पाहत नाही. यंत्राने त्याला आजवर दोनदा झटका दिला, दोन्ही वेळा जिने चढताना. म्हणजे एमरीची ओळ खरी होती. खऱ्या ओळीने कोणाचंच समाधान झालं नाही, ऑरिनचं नाही, त्याच्या आईचं नाही, लिहिणाऱ्याचं तर नाहीच. दुसऱ्या कोणत्या संघाने एमरीला घेतलं नाही. दोन-तीन वर्षं तो वस्तीतल्या शाळेच्या सामन्यांना जाऊन वरच्या पायरीवर बसे. वही नेत नसे. आमच्या संघाची बांधणी अजून चालू आहे. ग्रेडी गेला, दुसरा आला, तोही पाया उखडतोय.

गेल्या मार्चमध्ये एमरी वारला. पोटाचा कर्करोग, सहा आठवड्यांत आटोपलं. हंगेरियन चर्चमध्ये चाळीसेक माणसं होती. डेल ऑक्सेंडाइन विमानाने आला आणि शवपेटीला खांदा दिला. व्हर्नीस शेवटच्या बाकावर होती, काळ्या कोटात, पर्स मांडीवर धरून. प्रार्थना संपल्यावर मी तिच्याशेजारी जाऊन बसले. ती बस बदलत बदलत दहा तास प्रवास करून आली होती.

"ऑरिनने सोडलं असतं गाडीने," मी उगाच म्हणाले.

"त्याला सांगितलंय, सिनसिनाटीला बहिणीकडे जाते," ती म्हणाली. "तेव्हा मीच सांगितलं होतं, ते त्याला अजून माहीत नाही. आणि आता सांगून तरी काय करू?"

तिची परतीची बस सव्वाचारची होती. मी तिला स्थानकावर सोडलं. उतरताना तिने कोटावर चर्चमध्ये टाचलेलं लहानसं फूल काढून माझ्या गाडीतच ठेवलं, घरी कोणी विचारू नये म्हणून.