मच्छिंद्र मिस्त्रीनं आखलेलं स्वयंपाकघर

मच्छिंद्र मिस्त्री घर कागदावर काढत नसे. ओव्हरसियरचे निळे नकाशे त्यानं पुष्कळ पाहिले होते, उलटसुलट करून परतही केले होते. "साहेब, सगळं बराबर हाये, पण ह्याच्यात माणूस कुठं दिसून राह्यला?" असं तो अगदी साळसूदपणे विचारायचा.

त्याची रीत निराळी. मोकळ्या जागेवर खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि पांढऱ्या फक्कीनं अख्खं घर खऱ्याखुऱ्या मापात जमिनीवर काढायचं. मग घरातल्या सगळ्यांना बोलवायचं आणि म्हणायचं, "आता राहून दाखवा." एक सकाळ त्या रेघांच्या आत काढायची. बसायचं, निजायचं, जेवायचं, जमलं तर भांडायचंसुद्धा. जिथं माणूस रेघेवर पाय देईल तिथं भिंत चुकली म्हणून समजायचं. तीर्थपुरीचे अण्णासाहेब असेच आपल्या निजायच्या खोलीत ऐटीत आडवे झाले आणि त्यांचे पाय घोट्यापर्यंत भिंतीपल्याड गेले. "अण्णासाहेब, तुम्ही निजले घरात अन् पाय निजले भावाकडं," मच्छिंद्र म्हणाला. अण्णासाहेब पोट धरून हसले आणि भिंत हातभर सरकली.

टेंभुर्णीहून तो आईच्या कडेवर जालन्यात आला होता. झुंबरबाईनं चुन्याच्या घाणीवर पाट्या वाहिल्या आणि मच्छिंद्रनं तिथंच थापी हातात घेतली. धाकट्या धर्मराजला मात्र मायलेकांनी शिकवलं. तो मास्तर झाला, त्याची बायको प्रभावतीही मास्तरीण. ती दोघं स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहत. माय, मच्छिंद्र, त्याची बायको द्वारकाबाई आणि तीन पोरी दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या दोन खणांत. दोन ठिकाणी राहणं मायला सोसत नव्हतं. मच्छिंद्रला तर मुळीच नाही.

चौऱ्याहत्तर साली मस्तगडाच्या मागच्या गल्लीत दोघा भावांनी मिळून जागा घेतली. अठरा फूट रुंद, पंचेचाळीस फूट खोल. दोन्ही अंगांनी शेजाऱ्यांच्या भिंती खेटलेल्या. उजेड यायचा तर पुढून, मागून, नाहीतर आभाळातून. मच्छिंद्रनं आठ दिवस त्या जागेत नुसत्या चकरा मारल्या. मग एका रविवारी सकाळी फक्की टाकली आणि घरच्यांना बोलावलं.

"ही पुढची खोली मायची. गल्ली दिसली पाहिजे तिला. मधी हा उघडा चौक, उजेडाला. इथून जिना. वर धर्मा, तुझी खोली, तुझी पुस्तकं. अन् मागं हे सैपाकघर. एकच. मोठं."

'एकच' म्हणताना तो थोडा जोरात बोलला. इतक्या वर्षांत त्यानं दुसऱ्यांच्या घरांत किती चुली वेगळ्या करून दिल्या होत्या! आधी चूल वेगळी, मग दार वेगळं, मग मधली भिंत. त्या भिंतीही त्यानंच बांधल्या होत्या, अगदी ओळंब्यात.

झुंबरबाई स्वयंपाकघरात गेली, पदर खोचून खाली बसली आणि चुलीच्या जागी हात ठेवला. "हां. इथं चूल, इथं पाणी. ये गं परभे, बस."

प्रभावती उभीच राहिली.

"आत्याबाई, मला बसून सैपाक न्हाई होणार."

"का बरं?"

"सरोजच्या बाळंतपणात पोट फाडलं होतं ना? तवापासून उकिडवं बसलं की कंबर धरते. डॉक्टर म्हणले, उभ्यानंच करा. तिकडं खोलीत मी फळीवर स्टोव्ह ठेवलाय. इथं ओटा पाहिजे मला."

"उभ्यानं सैपाक?" झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. "ठेसनावरचा चहावाला हायेस का तू? माणसानं कसं बसून, निगुतीनं रांधावं!"

"माय, तिची तब्येत..." धर्मराज मध्ये पडला.

"तू गप रे. मी काय तिच्या तब्येतीला दुश्मन हाये?"

धर्मराज भावाकडे वळला. "दादा, भांडण कशाला? वर माझ्या खोलीपाशी छोटं सैपाकघर काढ. खाली यांचं, वर आमचं. दोघीबी सुखी."

मच्छिंद्रच्या हातात फक्कीचं घमेलं होतं. एक मूठ टाकली की झालं, वर दुसरी चूल. त्याची मूठ काही उघडेना.

"दोन चुली झाल्या तर मंग जिन्यानं एकमेकांकडं येईल-जाईल कोण?" तो म्हणाला. "थांब जरा. जल्दी करू नको."

त्यानं विटा आणल्या, कंबरेएवढ्या रचल्या, वर फळी टाकली. ओटा तयार. प्रभावती त्याच्यापाशी उभी राहिली, माय खाली चुलीपाशी, आणि द्वारकाबाई दोघींच्या मध्ये रिकामी परात घेऊन भाकरी थापल्यासारखं करू लागली.

"अक्का, तो डबा द्या," प्रभावती वरून म्हणाली. द्वारकाबाईनं हात उंच केला. हात पुरेना. ती उठली, डबा दिला, बसली. मग मिठासाठी उठली. मग पळीसाठी.

"मी काय विहिरीवरची बादली हाये का, सारखी खालीवर?" ती वैतागली. "मिस्त्री, तुमचं घर होईपर्यंत माझे गुडघे जायचे."

"अन् मला हिचं तोंडच दिसत न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "नुसत्या टाचा दिसतात. दिवसभर मी काय हिच्या टाचांशी बोलू?"

सगळे हसले. मच्छिंद्र हसला नाही. म्हणजे मायची तक्रार उभं राहण्याबद्दल नव्हतीच. बोलायला समोर तोंड पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

त्यानं मायची बसल्यावरची उंची हातानं मोजली. प्रभावतीकडं लांबूनच पाहून अंदाज घेतला. मग कुदळ घेतली आणि विटांचा ओटा ढकलून दिला.

"अरे, काय करून राह्यला?" माय ओरडली.

"घर बांधून राह्यलो."

अडीच फूट खोल, दोन हात रुंद चर त्यानं खणला. चराच्या काठावर फळी टाकली आणि घाम पुसत म्हणाला, "प्रभावती, उतर बरं. हळू."

ती उतरली. जमीन तिच्या कंबरेला लागली. आता जमीन हाच तिचा ओटा. समोर जमिनीवर झुंबरबाई बसलेली, शेजारी द्वारकाबाई. तिघींचे चेहरे एका रांगेत. डबा सरकवला की पोचत होता.

"अगंबाई!" द्वारकाबाई म्हणाली. "हे बेस झालं."

पण धर्मराजचा चेहरा उतरला होता.

"दादा, हे न्हाई चालणार. सासू वर बसणार अन् माझी बायको खाली उभी राहणार? आजवर आपली माणसं लोकांच्या पायरीखाली उभी राह्यली. आता आपल्याच घरात आपण खालची जागा करायची?"

धाकट्याचं चुकलं नव्हतं. माप बरोबर होतं, तरी ही गोष्ट मापात धरायची राहून गेली होती. प्रभावतीनं काठावरची माती बोटानं सारखी केली.

झुंबरबाई हातावर जोर देत पुढं सरकली. काठापाशी आली. आधी एक, मग दुसरा पाय तिनं चरात सोडला आणि खुर्चीवर बसावं तशी बसली.

पाय थोडे हलवून पाहिले.

"माय, काय झालं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"काही न्हाई. गुडघे दुखत न्हाईत." तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. "पन्नास वर्षं चुलीपुढं मांडी घातली, असं पाय सोडून बसायचं कुणी सांगितलंच न्हाई." मग ती धर्मराजकडं वळली. "आता माझेबी पाय खालीच हायेत, मास्तर. बोल, कोण वर अन् कोण खाली?"

प्रभावतीनं तोंडावर पदर धरला, हसत होती.

"तू हसू नको. सांग, तुला जमतंय का?"

"जमतंय, आत्याबाई. पण दादा, धुतलेलं पाणी इथं साचंल. उतार काढा, मोरीकडं. अन् उतरायला दोन पायऱ्या, बुटक्या. अन् लांबी वाढवा, ह्यांनाबी उभं राहता आलं पाहिजे."

"मी?" धर्मराज दचकला.

"मंग? वर-खाली तुम्हालाच दिसलं ना? उतरा."

द्वारकाबाईनं परात आपटून हसायला सुरुवात केली. धर्मराजनं इकडंतिकडं पाहिलं, पँट वर धरली आणि चरात उतरला. तिथं आता दोघांनाच जेमतेम जागा होती, मायचे पाय मध्ये.

"घरमालकाला उद्याच सांगून टाका," प्रभावती त्याला म्हणाली, "दिवाळीनंतर खोली सोडतोय म्हणून."

मच्छिंद्रनं कुदळ पुन्हा उचलली.

"आधी बाहेर निघा सगळे. अजून चार फूट खणायचंय."

"तू खण," झुंबरबाई पाय हलवत म्हणाली. "मी काय उठत न्हाई."