डॅशबोर्डला दाखवलेलं ऊन

अकोल्याच्या गाड्यांच्या दलालाने मला फसवलं. जुन्या गाडीचा ठिसूळ डॅशबोर्ड त्याने तेल चोळून चमकवला, आणि भाव करताना कुणाचं न ऐकणारा मी त्या चमकेला भुलून गाडी घेऊन बसलो.

गाडीतला हवेचा ब्लोअर बंद पडला तेव्हा डॅशबोर्ड काढणं भाग होतं. तो तडकला असता, तर दुसरा कुठेच मिळाला नसता. कारंज्याच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने काचा बंद करून गाडी उन्हात लावली आणि स्वतः सावलीत बसून तंबाखू मळू लागला. हा माणूस गाडीशी बोलतो, गिऱ्हाइकाशी क्वचितच.

"काहून बसून राह्यला बे?" मी ओरडलो.

"घाई तुमाले हाय भाऊ, त्याले नाई. थंड पिलास्टिक अन् तापलेलं गिऱ्हाईक, दोघायले मी हात लावत नाई."

तासाभराने, प्लास्टिक तापून मऊ झाल्यावर, तो उठला. स्क्रूड्रायव्हर न वापरता, बोटांनी चाचपत त्याने एकेक क्लिप सोडवली. डॅशबोर्ड अखंड निघाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मागच्या चार क्लिपा मात्र आधीच तुटलेल्या होत्या. त्यांच्या जागी काडेपेटीच्या काड्या गोंदाने चिकटवल्या होत्या. मिस्त्रीने त्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या.

आता त्या दलालाने कारंज्याला यावं आणि या काड्यांचा जाब मला तोंडावर द्यावा.