सलग दस्तरखान

बिश्केकच्या एका सरकारी कचेरीत तुरसुनायचं काम म्हणजे रोज उठून शहर पाडून दाखवणं. शाळामास्तर, मोहल्ल्याचे पुढारी येऊन संगणकाच्या पडद्यावर हवा तसा भूकंप निवडायचे, एखाद्या घराची भिंत जाड करायचे, एखाद्याची काढून टाकायचे. मग घरं हलायची आणि पडलेली तांबडी व्हायची. पहिल्या वर्षी तिची झोप उडाली होती. पुढे ती तांबडी घरं बघत सफरचंद खायला लागली. माणूस कशालाही सरावतो, त्यात कौतुक कसलं?

एकदा तिने स्वतःची इमारत तपासली. हिरवी! असणारच, नोंद मूळ आराखड्यावरून केलेली. प्रत्यक्षात तळमजल्यावरच्या त्यांच्या घरातली मधली भिंत तिच्या नवऱ्याने, कुबातने, कधीच पाडली होती. आपल्याकडे पाहुणे दोन खोल्यांत बसवले की मानपान बिघडतो. जेवण मांडायचं कापड, दस्तरखान, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग अंथरलं पाहिजे. तिने पडद्यावरची भिंत पुसली, कळ दाबली. वरच्या मजल्यांसकट इमारत खाली बसली.

तिला काही वाटलं नाही. तिने गवंड्याला फोन केला.

"अगं केलिन," सासू सुनेवर कडाडली, "तुझ्या सासऱ्याला जाऊन वर्ष होतंय, त्याचं जेवण तोंडावर आलंय आणि तू घरात विटा आणतेस? जेवण होऊ दे, मग बांध."

"आपा, भूकंप जेवण आटपायची वाट बघेल का?"

"इतकी वर्षं बघितलीच ना?"

"आई, ही दिवसभर शहर पाडते, म्हणून घरी येऊन बांधते," कुबात हसला.

"तू गप रे! पाडणारा तूच."

तुरसुनायने सासूला कचेरीत नेलं. आपाने स्वतः कळ दाबली. भिंत घालून, भिंत काढून, पुन्हा पुन्हा.

"आपल्या वर ती बाळंतीण राहते ना?"

"हो."

आपाने कळेवरचं बोट उचललं. "बांध. पण भाऊबंदांना तूच सांग."

लोखंडी चौकट बसली, भिंत उभी राहिली. जेवणाला दोन खोल्या, दोन दस्तरखानं. मानाचं मेंढीचं डोकं मात्र एकच. ते थोरल्या चुलतसासऱ्यांपुढे गेलं. पलीकडच्या खोलीत बसवलेले धाकटे, सातार आके, ताडकन उठले.

"भावाच्या घरात आता आम्ही भिंतीपलीकडचे झालो!"

"आके, घर पडू नये म्हणून बांधलीय हो."

"सूनबाई, पडायचं ते पडलंच की," म्हणाले, आणि दुवा न देता बूट चढवून चालते झाले.

आपा स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहिली. तुरसुनायने बरोबर केलं का? केलं. बरं वाटलं का? छे. वाईटही वाटलं नाही. ताटं घेऊन ती भिंतीला वळसा घालत या खोलीतून त्या खोलीत जात राहिली. गिलावा अजून ओला होता, बाहीला लागत होता. दर फेरीला ती बाही झटकायची आणि पुढचं ताट उचलायची.